एका मातीचे पठ्ठे

खुशालराव वस्तादांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना उभं केलं आणि स्वतः मात्र एकट्यानं मरायची सोय आपल्याच हातांनी करून ठेवली, त्याच्यावर रागवायचं नाही तर काय आरती ओवाळायची? बरं, कोणी त्यांचं काही लुटलं नाही, कोणी दगाफटका केला नाही. अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आलेला, गल्लीबोळांत कालपर्यंतचे उपाशी आज शेला पांघरून फिरत होते, आणि त्याच दिवसांत हा माणूस रिता होत गेला.

खोलापुरी दरवाज्याच्या आत, परकोटाच्या भिंतीला पाठ लावून त्यांचा आखाडा होता. मातीच्या भिंती, वर कौलं, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती आणि मधोमध कुस्तीच्या मातीचा हौद. खुशालराव मूळचे दर्यापूरकडच्या कुणब्याचे. काळी जमीन होती, पण नांगरामागं चालण्यापेक्षा बैलाशी झोंबण्यात त्यांना जास्त गोडी. शेवटी धाकट्या भावाच्या हातात शेत देऊन ते एलिचपूरला गेले आणि पलटणीतून निवृत्त झालेल्या, उत्तरेकडच्या एका परदेशी हवालदाराच्या पायाशी कुस्ती शिकले. हवालदार म्हातारा झाल्यावर अमरावतीत आले. तेव्हा पेंढाऱ्यांची दहशत लोकांच्या मनातून पुरती गेली नव्हती, आणि परकोटाच्या आतल्या सावकारांना आपल्या पेढ्यांच्या आसपास चार दणकट पोरं वावरलेली हवीच होती. त्यांनी जागा दिली. खुशालरावांनी आखाडा उभा केला.

बायको मैनाबाई. मूल झालं नाही. झालं नाही म्हणून ती कधी रडली नाही असं जुनी माणसं सांगत. मला ते काही खरं वाटत नाही. पण आखाड्यातल्या पोरांना ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण करून घालताना तिच्या तोंडावर दुसरं काही दिसत नसे, एवढं खरं. पुढं एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि मैनाबाई गेली. वस्तादांनी घराला कडी लावली, अंथरूण उचललं आणि आखाड्याच्या ओसरीवर राहायला आले. तेव्हापासून त्यांना आखाडा म्हणजेच घर.

शिकवायची रीत त्यांची उलटीच. दुसरे वस्ताद नव्या पोराला आधी डाव दाखवत. खुशालराव आधी पाडत. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत नव्या पोराचं काम एकच: हौद खणायचा, माती चाळायची, तेल-ताक-हळद घालून ती लोण्यासारखी मऊ करायची आणि मग तिच्यात पडायचं. पुढं पडायचं, मागं पडायचं, कुशीवर पडायचं. एखादा कुरकुरला की वस्ताद म्हणायचे, "लेका, पडाले भेतो अन् कुस्ती खेळाले आला? घरी जाय, मायच्या पदराखाली बस." पडण्याची भीती गेली की मगच डाव. आणि डाव शिकवताना ते पोरांच्या हातांकडे बघत नसत, पायांकडे बघत. हात खोटं बोलतो, पाय बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. एखादा पठ्ठा तयार झाला, आणि आपल्या गावी स्वतःचा आखाडा काढायला निघाला, की वस्ताद त्याला आपल्या हौदातली टोपलीभर माती देत. ती डोक्यावर घेऊन अनवाणी चालायचं आणि नव्या हौदात मिसळायची. त्या दिवसापासून तो स्वतः वस्ताद. पण त्याची माती तीच. आणि एका मातीचे दोघं चार लोकांसमोर कधी एकमेकांशी लढत नसत. आखाड्यात हवी तेवढी झोंबाझोंबी करा, पण दंगलीत नाही. दोघांपैकी कोणाचीही पाठ लागली तरी ती एकाच वस्तादाची पाठ. म्हणून दंगलीत जोड लावताना पंच आधी विचारत, "कोणाचा?" मग पठ्ठ्याच्या वस्तादानं गर्दीत उभं राहून म्हणायचं, "माझा." कोणी बिनवस्तादाचा हौशी असला तर पंचच ओरडत, "मारुतीचा!" आणि खेळू देत. पण वस्तादानं एकदा का लोकांसमोर "माझा नाही" म्हटलं, की धागा तुटला. त्या पठ्ठ्यानं पुन्हा त्या आखाड्याचा उंबरा ओलांडायचा नाही, वस्तादाच्या पायांना हात लावायचा नाही. लावला, तर आधीचं बोलणं लबाडीचं ठरे आणि त्यावर झालेली कुस्ती खोटी.

दुसरे वस्ताद माती फार जपून देत. आयुष्यात एखाद्याला, फार तर पोटच्या पोराला. खुशालरावांचा हात मात्र सैल. जो तयार झाला त्याला त्यांनी टोपली दिली. दर्यापूर, अंजनगाव, मुर्तिजापूर, बाळापूर, अकोट, आणि अकोल्याला जानराव. या जानरावाला मैनाबाईनं वाढवलं म्हटलं तरी चालेल. तेल्हाऱ्याकडचं पोर, आई नसलेलं. आखाड्यात आलं तेव्हा त्याला लंगोट बांधता येत नव्हता. तो टोपली घेऊन निघाला त्या दिवशी खुशालराव वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन भेटेल त्याला सांगू लागले, "आता वऱ्हाडात कुठंही जा, माती आपलीच." केवढी हौस! आणि तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. लढायला बाहेरचे होतेच की. नागपूरहून भोसल्यांच्या दरबारचे मल्ल यायचे, हैदराबादेहून नवाबांचे पहिलवान यायचे, बऱ्हाणपूरचे यायचे. खुशालरावांच्या पोरांनी त्यांना आसमान दाखवलं की अंबादेवीच्या देवळापर्यंत डफडं वाजत जायचं.

मग दिवस बदलले. नागपूरचं राज्य खालसा झालं, दरबार मोडला, मल्लांचा खुराक बंद पडला. वऱ्हाड इंग्रजांकडे आलं तसे हैदराबादचे पहिलवानही यायचे थांबले. आणि त्यानंतर काही वर्षांनी तिकडं सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या बोंडांना पंख फुटले. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून ते वऱ्हाडच्या मागे लागले. काल ज्या कापसाला कोणी विचारत नव्हतं त्याच्यासाठी दलाल शेताच्या धुऱ्याबांधावर येऊन बसू लागले. कोणी म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, कोणी म्हणे बैलांना जिलेबी चारली. खरं खोटं देव जाणे. पण हाती आलेलं धन मिरवल्याशिवाय पचत नाही, हे मात्र खरं. मिरवायचं म्हणजे काय करायचं? लग्नं मोठी झाली, देवळांना कळस चढले आणि गावोगावी दंगली सुरू झाल्या. ज्या शेटजीनं जन्मात जोर मारला नाही तो फेटा बक्षीस ठेवून लोडाला टेकून बसू लागला.

दंगली वाढल्या खऱ्या, पण लढणार कोण? बाहेरचे यायचे बंद झालेले. दर्यापूरचा पठ्ठा खुशालरावांच्या मातीचा, बाळापूरचा त्याच मातीचा, अकोल्याचा त्याच मातीचा. पंचांनी "कोणाचा?" विचारलं की उत्तर ऐकूनच जोड मोडायची. पेरताना शेतकरी निदान दोन तासांत, दोन ओळींत अंतर ठेवतो. आमच्या वस्तादांनी सगळं वऱ्हाड एकाच मुठीनं पेरून ठेवलं होतं.

यातून वाट काढली ती जानरावानंच. एक दिवस तो बैलांची दमणी जोडून अकोल्याहून आला. अंगानं सुटलेला, डोक्याला जरीकाठी फेटा. वस्तादांच्या पाया पडला आणि ओसरीवर मान खाली घालून बसला. खुशालराव त्याला बघूनच ओळखून होते की पोराच्या पोटात काहीतरी आहे.

"बोल ना बाबू. काहून असा बसला?"

"वस्ताद, मी हौद रिकामा केला."

खुशालराव त्याच्यापुढं येऊन बसले.

"शेट लोकं दंगल ठेवून राहिले. बाळापूरचा पोट्टा आपल्याच मातीचा, माह्या पोट्टा बी त्याच मातीचा. लढवू कोणाशी? भिंतीशी?" जानरावाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पूजा करून मोर्णा नदीत सोडली माती. फेकली नाही, वस्ताद. नवी भरली. बाळापूरवाल्यानं बी तसंच केलं. आता दंगलीत आमी तुमचं नाव नाही घेत."

"मंग आता तू कोणाचा?"

जानरावानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला. खुशालराव उठले, चुलीकडे गेले आणि म्हणाले, "जेवून जाय. भाकर हाय."

जानरावानं भाकर खाल्ली. निघताना तो म्हणाला, "तुमी बी हौद बदला, वस्ताद. नाहीतं तुमचे पोट्टे तसेच राहतील. आमच्या पोट्ट्यांसंगं लढवा त्यायले. मी तं धागा तोडलाच हाय."

"तू तोडला," खुशालराव म्हणाले. "म्या तं देली होती ना? देलेली वस्तू मागून घेता येते काय? तू मोर्णेत सोड, नाहीतं गंगेत सोड. माह्याकडून तू माह्याच."

इथंच माझं डोकं फिरतं. अरे, ज्यानं तुझी माती नदीत सोडली त्याच्याशी कसलं नातं पाळतोस? पण नाही. घेणाऱ्यानं तोडलं तरी देणाऱ्याचं तुटत नाही, हा त्यांचा हिशेब. सगळं वऱ्हाड आपसात लढू लागलं, फेटे जिंकू लागलं, आणि एकट्या अमरावतीच्या आखाड्यातली पोरं जोर-बैठका काढत घरी बसली. पोरं तरी किती दिवस बसणार? एक कापसाच्या गाड्यांबरोबर गेला, एक दलालाचा माणूस झाला. आगगाडीचा रस्ता बडनेऱ्याकडं सरकत होता, तिथं दगड-माती वाहायला धडधाकट हात लागत होते. तिकडं आणखी काही गेले. जाताना सगळे पाया पडून गेले. कोणाला वस्तादांनी अडवलं नाही. पूर्वी पहाटे आखाड्यात शड्डूंचा आवाज घुमायचा, खोलापुरी दरवाज्याचा पहारेकरी त्यावरून वेळ ओळखायचा म्हणतात. आता तिथं एकाच माणसाच्या खोकल्याचा आवाज यायचा. खुशालराव मारुतीला दिवा लावत, हौद खणत, माती सारखी करत आणि कडेला बसून राहत. कोणी आलं नाही तरी माती रोज हलवायला लागते, नाहीतर ती दगड होते. एकट्या म्हाताऱ्याला तेवढा एक उद्योग होता, आणि मला वाटतं तेवढ्याच्याच जोरावर तो दिवस काढत होता.

एक उरला होता. उकंडा.

आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या पोराचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात, म्हणजे यमाची नजर जात नाही. आखाड्याच्या भिंतीपलीकडं राहणाऱ्या मनकर्णाबाईची आधीची सगळी बाळं गेली, म्हणून हा झाल्या झाल्या त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि उकंडा नाव दिलं. बाप लवकर गेला. मनकर्णाबाई म्हैस पाळायची, आखाड्याच्या मातीला ताक तिच्याकडूनच जायचं, आणि ताकाच्या गाडग्यामागं हे पोर आखाड्यात शिरलं ते बाहेर आलंच नाही. उंच, लांब हातांचा, बोलायला थोडका. अंगात काय ताकद होती! खुशालराव कोणाची स्तुती तोंडावर करत नसत, पण मनकर्णाबाईला एकदा म्हणाले होते, "माह्या हातून असा एकच झाला."

आणि असा हा उकंडा ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, एकही दंगल न खेळलेला. कुस्तीगिराची जवानी म्हणजे कापसाचं बोंड. उमललं की वेचायचं. नाहीतर वारा आहेच.

खुशालरावांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी त्याला दोनतीनदा सांगितलं, "अकोल्याले जाय. जानरावाच्या हौदात उतर. त्याच्या नावानं खेळ."

"मी तुमचा हाव," उकंडा म्हणायचा आणि फावडं उचलायचा. बोलणं तिथंच संपायचं.

माघ महिन्यात मनकर्णाबाई ताक घेऊन आली ती गाडगं खाली न ठेवता उभीच राहिली. अकोल्यात शिवरात्रीला राजराजेश्वराच्या जत्रेत मोठी दंगल ठरली होती, मोर्णेच्या वाळूत. सगळ्या वऱ्हाडात त्याचीच बोलवा होती.

"भाऊ, एक इचारू?"

"इचार ना बाई."

"माह्या पोरानं जिंदगीभर तुमची माती चाळाव काय?"

खुशालरावांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

"मी तुमाले दोष नाही देत. पण तो दिवसभर त्या बडनेऱ्याले कामाले गेलेल्या पोट्ट्यायच्या गोष्टी आयकते, अन् रातच्याले उठून बैठका मारते. घरात बोलत नाही, हासत नाही. म्या त्याले म्हणलं, जाय अकोल्याले. तं म्हणते, वस्ताद एकटे पडतीन." तिनं गाडगं दुसऱ्या कमरेवर घेतलं. "तो तुमाले सोडत नाही, भाऊ. तुमीच सोडा त्याले. लय उपकार होतीन."

असं बोलून ती ताक ठेवून निघून गेली. खुशालराव दिवसभर हौदाच्या काठावर बसून होते. संध्याकाळी उकंडा आला तेव्हा म्हणाले, "शिवरात्रीच्या दंगलीले जायचं हाय. अकोल्याले. लाग तयारीले."

उकंडा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "जानरावभाऊच्या पठ्ठ्यासंगं? पण वस्ताद, माती…"

"मातीचं मी पाहून घेतो. तू तुह्या पायाकडं पाह्य."

मग शिवरात्रीपर्यंत त्या आखाड्यात जे चाललं ते मनकर्णाबाई पुढं जन्मभर सांगायची. म्हातारा स्वतः लंगोट लावून हौदात उतरायचा. पोराला पाडायचा, पोराकडून पडायचा, धापा टाकत उठायचा. जन्मात कोणाला दाखवले नव्हते असे बारकावे दाखवायचा. पायाचा अंगठा मातीत कसा रोवायचा, पुढच्याचा श्वास संपतो तो क्षण खांद्यावरून कसा ओळखायचा. मेहनत झाली की स्वतः त्याच्या अंगाला तेल चोळायचा. उकंडा लाजायचा, "वस्ताद, उलटं होऊन राहिलं हे," म्हणायचा. आखाड्यातून हसण्याचे आवाज यायचे. उकंड्याला वाटत होतं, वस्तादांनी अखेर हट्ट सोडला. तो आनंदात होता. खुशालरावही आनंदात होते असं मनकर्णाबाई सांगे, आणि यावर माझा विश्वास आहे. कधी संपणार हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस शेवटचा घास सावकाश खातो.

दंगलीला ते दमणीतून गेले, मुर्तिजापूरवरून. वाटेत कापसाच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. अकोल्याला पोचल्यावर त्यांनी राजराजेश्वराला बेल वाहिला आणि मोर्णेत उतरले. नदीचं पात्र माणसांनी भरलेलं. जुन्या शहराच्या बाजूला बायका काठावर, अलीकडं शेटसावकारांचे लोड. पंच म्हणून बसलेले वामनराव देशमुख अकोल्यातलं वजनदार माणूस. कुस्ती ओळखणारे, आणि रिवाजाला पक्के.

शेवटची जोड लावली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जानरावाचा पठ्ठा मैदानात आला. बुटका, रुंद, दगडी पाट्यासारखा. वामनरावांनी आवाज दिला, "कोणाचा?"

जानराव उठला. "माझा."

डफडं वाजलं. समोरून उकंडा आला. लोकांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे कुजबुज झाली. त्यानं वाळूला हात लावून कपाळाला लावला आणि उभा राहिला.

"कोणाचा?"

उकंड्यानं वस्तादांकडे पाहिलं. गालातल्या गालात हसत होता, असं बघणारे सांगत. ज्या दिवसाची माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो तो दिवस आल्यावर हसू येणारच.

खुशालराव उठले. अंगरख्याचा बंद सारखा केला. आणि साऱ्या मोर्णेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा नाही."

डफडं थांबलं. वामनराव पुढं वाकले. "वस्ताद, तुमच्या आखाड्यातला आहे हा. सारी अमरावती जाणते."

"होता. आता नाही. माझा त्याचा संबंध नाही. मारुतीच्या नावानं खेळवा त्याले."

त्या सगळ्या गर्दीत जानरावालाच आधी उमगलं की म्हाताऱ्यानं काय केलं. ज्याला माती दिली त्याचं नातं तोडवत नाही, म्हणून त्यानं जवळ होता तोच तोडला. वामनराव हात वर करून म्हणाले, "मारुतीचा!"

उकंड्याला मात्र काही उमगलं नव्हतं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं आणि डोळे भरले होते. एवढ्या लोकांत आपल्याला झिडकारलं, एवढंच त्याला कळलं. का, काय चुकलं, काही नाही. हात पुढं करायचंही त्याला सुचलं नाही. समोरच्यानंच येऊन त्याच्या मनगटाला हात घातला. पहिल्या झटापटीत तो खाली गेला. लोकांना वाटलं, संपलं. पण पडायला तो भीत नव्हता. कुशीवर वळला, सुटला, उठला, आणि मग जो काही संताप त्याच्या अंगात शिरला तो कोणाच्यानं आवरला नसता. खुशालराव त्याच्या पायांकडे बघत होते. शेजारी बसलेल्या माणसानं नंतर सांगितलं की म्हातारा पुटपुटत होता, "अंगठा रोव. अंगठा." उकंड्यानं अंगठा रोवला, समोरच्याला पाठीवर घेतलं आणि ढाकेच्या डावावर असा फेकला की वाळू उडून पुढच्या रांगेच्या तोंडावर गेली.

चीतपट. सगळं पात्र उठून उभं राहिलं.

उकंडा त्या गोंधळातून वाट काढत सरळ खुशालरावांपुढं आला. जिंकलेल्यानं आधी वस्तादाच्या पाया पडायचं, मग फेटा घ्यायचा. ही सवय त्याच्या हाडात होती. तो वाकला. खुशालरावांनी दोन्ही पाय मागं घेतले.

"वस्ताद," तो म्हणाला, "काय चुकलं माह्यं?"

सगळे बघत होते. वामनराव बघत होते, जानराव बघत होता. खुशालरावांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "कोण होय तू?"

आणि उठून गर्दीतून निघून गेले. गाडीवान सांगायचा, अमरावती येईपर्यंत म्हातारा एक शब्द बोलला नाही, बडनेऱ्याच्या अलीकडं मात्र एकदम म्हणाला, "ढाक लय साजरी मारली पोट्ट्यानं." आणि पुन्हा गप्प झाला.

फेटा जानरावानं स्वतः उकंड्याच्या डोक्याला बांधला. अकोल्याच्या शेटांनी त्याला ठेवून घेतलं, राहायला जागा दिली, खुराक लावून दिला. आता तो मारुतीचा पठ्ठा. वऱ्हाडात कोणाशीही लढायला मोकळा. मनकर्णाबाईनं मागितलं होतं ते तिला मिळालं. ते कसं मिळालं हे कळलं त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली.

होळीच्या आसपास उकंडा आईला भेटायला आला. घुश्शातच होता. आखाड्याकडे त्यानं मान वळवून पाहिलं नाही. जेवताना आईनं त्याला सगळं सांगितलं. आपण वस्तादांकडे काय मागितलं होतं ते, आणि त्यांच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं ते. उकंडा हात न धुता ताटावरून उठला आणि आखाड्याच्या दाराशी गेला. दार आतून लावलेलं होतं. आत फावड्याचा आवाज येत होता.

"वस्ताद, मी होय. उकंडा."

फावडं थांबलं.

"मायनं सांगतलं सारं. मले समजलं. उघडा ना दार."

आत पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. मनकर्णाबाई मागोमाग आली होती. तिला फटीतून वस्तादांचा हात दिसला, दाराच्या आगळीवर ठेवलेला. आगळ काढायला कितीसा वेळ लागतो? पण दार उघडलं असतं तर संध्याकाळपर्यंत अमरावतीत बोंब झाली असती आणि बाजारच्या दिवशी अकोल्यात: म्हाताऱ्यानं लबाडी केली, धागा तुटलाच नव्हता, पोराची कुस्ती खोटी. पोराची ती एकुलती एक कुस्ती. मी त्यांच्यावर एवढा रागावतो, पण त्या दाराच्या आत मी असतो तर मलाही ते उघडता आलं नसतं.

"कोण पायजे?" आतून आवाज आला.

"वस्ताद पायजेत."

फटीतला हात आगळीवरून निघाला.

"इथं वस्ताद कोणी नाही," खुशालराव म्हणाले. "ज्याले एक बी पठ्ठा नाही, तो कायचा वस्ताद? जाय बाबू. अकोल्याले जाय."

उकंडा पायरीवर बसून राहिला. ऊन त्याच्या अंगावरून सरकून भिंतीवर गेलं तरी बसला होता. शेवटी मनकर्णाबाईनंच त्याला दंडाला धरून उठवलं आणि घरी नेलं. ते गेल्यावर आत फावडं पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी खुशालरावांनी सबंध हौद खणला, ढेकळं फोडली, माती चाळून सारखी केली, आणि तिच्यात कोणीही उतरलं नाही.